एमपीएच करायचं म्हणतेस, तर

कोल्हापूर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

एमपीएचच्या, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी लिहिलेलं तुझं निवेदन वाचलं. भाषा स्वच्छ आहे. पण ‘वंचित घटकांत आरोग्याविषयी जनजागृती करायची आहे’ हे वाक्य तीनदा आलंय, ते आधी खोड. लोकांना कळत नाही म्हणून ते आजारी पडतात असं धरून गेलीस तर दोन वर्षं आणि फीचे पैसे, दोन्ही पाण्यात. तू नर्सिंग केलंयस, प्रसूती वॉर्डात ड्यूट्या केल्यास. शाहूवाडीच्या डोंगरातली बाई सातव्या महिन्यात पहिल्यांदा दाखवायला येते, तेव्हा तिला कळत नसतं की येता येत नसतं, हे मी तुला सांगायला नको.

आपल्याच जिल्ह्यातलं बघ. दिवाळीच्या आसपास साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि बीडकडच्या ऊसतोड टोळ्या शिरोळ-हातकणंगल्यात उतरतात. नवराबायको मिळून एक कोयता, उचल मुकादमाकडून आधीच घेतलेली. काम बुडलं की खाडा, आणि त्याचे पैसे अंगावर चढतात. आता हिशेब कर. पेंटाव्हॅलंटचे, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्रित लसीचे, तीन डोस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात. दिवाळीत जन्मलेल्या बाळाचे तिन्ही हंगामातच पडतात. बाळाचं कार्ड गावाकडं पेटीत. सिस्टर अकराच्या सुमाराला टोळीच्या तळावर पोचते, तेव्हा खोपीच्या दारात सात-आठ वर्षांची पोरगी बसलेली, मांडीवर ते बाळ. ‘माय फडात गेली.’ कधी येणार? ते तिला माहीत नाही. गाडी भरेल तेव्हा. सिस्टर रजिस्टरात ‘लाभार्थी अनुपस्थित’ लिहिते. गावाकडच्या रजिस्टरात त्याच बाळापुढं ‘स्थलांतरित’ लिहिलेलं असतं. दोन्ही नोंदी बरोबर, आणि बाळाला लस नाही.

इथं जनजागृती कुणाची करायची? हंगाम सुरू होतानाच मुकादमाकडून टोळीची यादी घेतली, महिन्यातनं एक सत्र संध्याकाळी तळावरच लावलं, तर लस टोचली जाते. हे होताना मी पाहिलंय. पण सिस्टरला अंधारातनं घरी सोडायचं कुणी, उरलेली लस थंड पेटीतनं केंद्रावर परत न्यायला गाडी कुठली, डिझेल खर्चाच्या कुठल्या हेडमधनं, यावर तालुक्याच्या बैठकीत जी वादावादी होते ना, ती मला अर्ध्या अभ्यासक्रमापेक्षा महत्त्वाची वाटते. तिथं तुला बोलता आलं पाहिजे, आणि हातात आकडे घेऊन बोलता आलं पाहिजे. एमपीएच त्यासाठी करायचं.

काय शिकवतात, असं विचारलंयस. साथरोगशास्त्र, जैवसांख्यिकी, आरोग्य धोरण, आरोग्याचं अर्थशास्त्र, थोडं समाजशास्त्र. सांख्यिकीला घाबरू नकोस आणि कंटाळूही नकोस. त्यातला छेद, म्हणजे ज्या आकड्यानं भागायचं तो, तेवढा पक्का कर. लसीकरण शंभर टक्के झालं असं कुणी सांगितलं की पहिला प्रश्न, शंभर कुणातले? यादीतले. टोळीतलं बाळ यादीतच नसलं तर टक्केवारीला ओरखडासुद्धा पडत नाही. गगनबावड्याकडच्या धनगरवाड्यांचं, वीटभट्टीवरच्या घरांचं तेच. गडचिरोलीत बंग दांपत्यानं नवजात बाळांची काळजी घरातच घेण्याची पद्धत उभी केली, १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले, पुढं ते काम आशा सेविकांच्या हातून देशभर गेलं. सगळे कौतुक करतात ते गावातल्या आरोग्यदूतांचं, आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्याआधीची पायरी मोठी वाटते. गावातला प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू लिहून काढायचा, तासाभराचं मूल गेलं तरी. मोजलंच नसतं, तर किती बाळं वाचली हे कशावरनं सांगणार होते?

पाण्याकडंही याच नजरेनं बघायला शीक. ग्रामपंचायतीचा कर्मचारी टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतो. टाकीजवळच्या नळाचं पाणी नळीत घेऊन ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीन उरलंय का ते बघायची चाचणी, केली की छान पिवळा रंग येतो, वहीत नोंद होते, सही होते. तीच टेस्ट लाइनच्या शेवटच्या घरात कर. लिटरमागं ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन तिथंही उरायला हवं. रंग आला नाही तर पाइपाच्या कडेनं उलटी चालत ये. कुठं गळती, कुठं पाइप थेट गटारीतनं गेलेला दिसेल. आणि बऱ्याच गावांत ते शेवटचं टोक कुणाच्या वस्तीत असतं, हेही दिसेल. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली होती. पाण्यातनं येणारी हिपॅटायटिस ई ही कावीळ इतरांना अंथरुणाला खिळवते. दिवस भरत आलेल्या बाईच्या मात्र जिवावर उठते. म्हणजे शेवटच्या नळावरची गरोदर बाई दोन्हीकडनं सापडते. असली गाठ सोडवायला डॉक्टरच असावं लागतं असं नाही. बऱ्याच संस्था नर्सिंग, फार्मसी, समाजकार्य केलेल्यांनाही घेतात.

संस्थांबद्दल थोडक्यात. मुंबईचं टाटा इन्स्टिट्यूट, तिरुअनंतपुरमचं अच्युत मेनन सेंटर, आणि जवळचं पुणे विद्यापीठ, या तिघांची माहितीपत्रकं आधी वाच. खासगी विद्यापीठांच्या जाहिरातीत इमारतीचे फोटो बघण्यापेक्षा फोन करून विचार, की विद्यार्थी गावात किती आठवडे राहतात आणि त्यांच्यासोबत कोण जातं. उत्तर गुळमुळीत आलं तर पुढं जाऊ नकोस.

नोकरीचं गोड चित्र रंगवणार नाही. पहिली काही वर्षं बहुधा कंत्राटी जातील, अकरा महिन्यांची ऑर्डर, पगार कधी वेळेवर, कधी नाही. घरी हे आत्ताच सांगून ठेव. वडिलांना वाटतंय की तू ‘मोठी डॉक्टर’ होऊन येणार.

निवेदन नव्यानं लिहिताना दसरा चौकातल्या बोर्डिंगांचा, म्हणजे विद्यार्थी वसतिगृहांचा, विचार कर. रोज तिथनं जातेस. बहुजनांची पोरं का शिकत नाहीत याचं कारण शाहू महाराजांनी पोरांच्या डोक्यात शोधलं नाही. खेड्यातलं पोरगं शहरात आलं तर राहील कुठं आणि जेवेल काय, हा प्रश्न त्यांनी आधी घेतला. १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग निघालं, मग एकेका समाजाची निघत गेली. तुझ्या पाहण्यातली अशी एकच अडचण घे, एकाच गावातली, आणि ती कुठं अडते तेवढं लिही. समितीपुढं ‘वंचित’ हा शब्द दिवसभर येत असतो. एखाद्या बाईची चुकलेली एसटी क्वचित येते.

जात वैधता आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढायला टाक, प्रवेशाच्या दिवसांत सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते. महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती त्या अभ्यासक्रमाला लागू आहे का, हे संस्थेकडून लेखी घे, तोंडी नको. दुसरा खर्डा रविवारपर्यंत पाठव, एका पानात बसव.

तुझी,
मॅडम