फॉरमॅट मारण्याआधी: बायोस अपडेटनंतरचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक प्रश्नांत एक वाक्य आहेच: ‘दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारावं लागेल’, नाहीतर ‘बोर्ड गेला’. बायोस म्हणजे मशीन सुरू होताना विंडोजच्या आधी चालणारा, मदरबोर्डावरच्या चिपमधला प्रोग्राम. त्याच्या अपडेटनंतर डेस्कटॉप अडला, तर बहुतेक वेळा काहीही जळलेलं नसतं. अपडेट होताना जुन्या सेटिंग पुसल्या जातात, कंपनीच्या मूळ सेटिंग येऊन बसतात आणि गाडी तिथंच अडते. म्हणून मशीन तालुक्याला न्यायच्या आधी हे वाचून घ्या.

प्रश्न : मी सेवा केंद्र चालवते. कंपनीचा डेस्कटॉप आहे, विंडोज ११. रात्री आपोआप अपडेट लागलं आणि सकाळपासून निळ्या स्क्रीनवर ४८ अंकी रिकव्हरी की मागतोय. लोकांची पीक विम्याची कागदं त्यातच आहेत. (घाटंजी, जि. यवतमाळ)

ताई, फॉरमॅट अजिबात करू देऊ नका. कागदं जशीच्या तशी आत आहेत. तुमच्या डिस्कला बिटलॉकरचं कुलूप आहे आणि त्याची किल्ली बोर्डावरच्या टीपीएम नावाच्या सुरक्षा चिपमध्ये असते. बायोस बदलला की टीपीएमला मशीन ओळखीचं वाटत नाही, मग तो किल्ली देत नाही. हे कुलूप तुम्ही लावलेलं आठवणार नाही. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं की बऱ्याच मशीनवर ते आपोआप लागतं.

मोबाइलवर मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जा, ‘डिव्हाइसेस’मध्ये रिकव्हरी की सापडते. एकापेक्षा जास्त की दिसल्या तर स्क्रीनवरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवून पाहा. आता खरी गोम. मशीन पहिल्यांदा सुरू करून देताना विकणाऱ्यानं स्वतःचाच ईमेल टाकला असेल, तर की त्याच्या खात्यात असणार. त्याला फोन करा, हक्कानं मागा. तोवर बायोसमध्ये सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचंच विंडोज चालू देणारी सेटिंग) आणि टीपीएम बंद पडलेत का ते बघा. पूर्वीसारखे चालू केल्यावर कधी कधी की न मागताच विंडोज उघडतं. मात्र ‘क्लिअर टीपीएम’ला हात लावू नका. की कुठंच नसेल तर ती डिस्क कुणालाही उघडता येत नाही, म्हणून मिळाली की लगेच वहीत लिहून ठेवा.

प्रश्न : अपडेट अर्ध्यावर असताना लाईन गेली. आता पंखे फिरतात, डिस्प्ले येत नाही. नवीन बोर्ड घ्यायला सांगतात. (दर्यापूर, जि. अमरावती)

भाऊ, बोर्ड इतक्यात टाकून देऊ नका. अर्धवट लिहिली गेली ती बोर्डावरच्या एका छोट्या चिपमधली फाइल. ती पुन्हा लिहिता येते.

बोर्डाच्या मागे, यूएसबी पोर्टांजवळ ‘फ्लॅशबॅक’ नावाचं बटण आहे का बघा. असेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून तुमच्याच मॉडेलची बायोस फाइल घ्या. मॉडेलच्या पुढचा रिव्हिजन नंबरही जुळला पाहिजे. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा आणि फाइलला मॅन्युअलमध्ये दिलंय तेच नाव द्या. ठरलेल्या पोर्टात लावून, मशीन बंद पण सप्लाय चालू ठेवून, बटण काही सेकंद दाबा. दिवा लुकलुकायला लागेल. तो थांबेपर्यंत, म्हणजे काही मिनिटं, कशालाही हात लावू नका. डेल, एचपीसारख्या कंपन्यांच्या मशीनमध्ये स्वतःची बायोस रिकव्हरी असते आणि काही गिगाबाइट बोर्डांवर दुसरा बायोस राखीव असतो.

बटण नसेल तर लॅपटॉपचं चिप लेव्हल काम करणाऱ्याकडे जा. त्याच्याकडे चिपला क्लिप लावून फाइल लिहायचं यंत्र (प्रोग्रामर) असतं. ‘बायोस चिप प्रोग्राम करून द्या’ असं स्पष्ट सांगा. तो नाही म्हणाला तरच नवीन बोर्डाचा विचार.

पुढच्या वेळी यूपीएस असल्याशिवाय अपडेटला हात घालू नका. घरचा इन्व्हर्टर असेल तर त्याचा स्विच यूपीएस मोडवर आहे का पाहा, नाहीतर लाईन जाताच मशीन रिस्टार्ट होतं.

प्रश्न : अपडेट नीट झालं, पण ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असं येतं. विंडोज जुनं आहे. (सिंदेवाही, जि. चंद्रपूर)

बायोस उघडा. डिस्कचं नाव तिथं दिसत असेल तर डिस्क ठीक आहे. जुनं विंडोज लेगसी, म्हणजे जुन्या बूट पद्धतीनं टाकलेलं असेल तर त्याला सीएसएम (ती पद्धत चालू देणारं बायोसमधलं सेटिंग) लागतं आणि अपडेटनं ते बंद केलेलं असतं. आधी सिक्युअर बूट बंद, मग सीएसएम चालू, आणि बूटमध्ये तुमची डिस्क पहिली. विंडोजचा लोगो येऊन निळी स्क्रीन येत असेल, तर साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआय आणि रेड यांत बदलला गेलाय, पूर्वीचा लावा. डिस्कच दिसत नसेल तर डिस्कची केबल काढून पुन्हा घट्ट बसवा.

प्रश्न : ३२०० ची रॅम आता २४०० दाखवते. (साकोली, जि. भंडारा)

एक्सएमपी, म्हणजे रॅमला पूर्ण वेगानं चालवणारी बायोसमधली सेटिंग, बंद झालीय, पुन्हा चालू करा. पंख्याच्या सेटिंगही बघून घ्या, आपल्याकडच्या मे महिन्यात त्या फार महत्त्वाच्या. आणि डीडीआर५ रॅम असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं: अपडेटनंतर पहिल्यांदा मशीन काही मिनिटं काळी स्क्रीन दाखवतं, मधेच आपोआप रिस्टार्टही होतं. रॅमची जुळवणी चालू असते. घाबरून बटण दाबू नका.

प्रश्न : विजांच्या भीतीनं रोज संध्याकाळी प्लग काढतो. आता रोज तारीख मागं जाते, सरकारी साइट उघडत नाहीत. हा बायोस अपडेटचाच दोष का? (मेहकर, जि. बुलढाणा)

नाही, बोर्डावरचा सेल संपलाय. सीआर२०३२ नावाचा, ३ व्होल्टचा नाण्याएवढा सेल असतो. प्लग काढलेला असताना घड्याळ त्यावरच चालतं, म्हणून तुमचा लवकर संपला. तारीख चुकली की ब्राउझरला साइटचं प्रमाणपत्र खोटं वाटतं आणि तो ती अडवतो. प्लग काढायची सवय सोडू नका, ती योग्यच आहे. सेल बदला, तारीख लावा, आणि त्याच वेळी बायोसच्या सगळ्या सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा.