अकाउंट चालूच होतं, मग परवानगी संपली कधी?

भोसरीच्या एका छोट्या कंपनीच्या मालकांचा प्रश्न आहे. सेल्सचा माणूस पाच महिन्यांपूर्वी सोडून गेला, सेल्सफोर्समधला (कस्टमरच्या नोंदी ठेवायचं ऑनलाइन सॉफ्टवेअर) त्याचा युजर डीॲक्टिव्हेट करायला गेले तर एरर आली, तो डिफॉल्ट लीड ओनर होता म्हणून, म्हणजे नव्या संभाव्य ग्राहकांच्या नोंदी आपोआप त्याच्याच नावावर पडायच्या, मग ते राहूनच गेलं, आणि आता कळतंय की तो घरून लॉगिन करत होता आणि कस्टमरची यादी स्पर्धकाकडे पोचलीये. असलं प्रकरण घेऊन कोणी ना कोणी येतंच माझ्याकडे.

दुसऱ्याच्या सिस्टीममध्ये शिरून डेटा नेला तर भरपाई, हे आयटी कायद्याचं कलम ४३, आणि त्यात सगळं एका शब्दावर अडतं, 'परवानगीशिवाय'. पासवर्ड तुम्ही दिलेला, अकाउंट तुम्ही चालू ठेवलेलं, लायसन्सचे पैसेही तुम्हीच भरताय, समोरचा वकील आधी हेच काढणार. तेव्हा परवानगी काढून घेतल्याचा कागद कुठाय? रिलीव्हिंग लेटर, एक्झिट मेल, अगदी "उद्यापासून सिस्टीम वापरू नको" असा व्हॉट्सॲप मेसेज असला तरी शोधा. नसेल तर नोकरी संपली तशी परवानगीही संपली असं मी म्हणेन, पण ते टिकेलच असं लिहून देणार नाही.

आणि एरर आली म्हणून सोडून देतात का हो? त्याच युजरच्या पानावर फ्रीझचं बटण असतं, दाबलं की लॉगिन बंद. ते आत्ता दाबा. मग लीड सेटिंगमध्ये डिफॉल्ट ओनर दुसरा टाका, एखादा ईमेल अलर्ट फक्त त्यालाच जात असेल तर तोही बदला, आणि मग डीॲक्टिव्हेट करा.

लॉगिन हिस्टरी सहाच महिन्यांची मिळते, त्यातले पाच तुम्ही घालवलेत. आजच डाउनलोड करा, आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, सर्टिफिकेट हॅश व्हॅल्यूसकट (फाईल बदललेली नाही हे दाखवणारा कोड) करून घ्या, त्यावर एक्स्पर्टचीही सही लागते. पण त्यात तो आत शिरला एवढंच दिसेल, काय नेलं ते नाही, ते वेगळं सिद्ध करावं लागेल.

भरपाईचा दावा ५ कोटींपर्यंतचा असेल तर तो सिव्हिल कोर्टात नाही, मंत्रालयात आयटी सचिवांपुढे. नियमात निकालाला चार महिने, फार तर सहा लिहिलेत, वाचून हसू येतं. आयटी कायद्याच्याच कलम ६६ खाली पोलीस तक्रारीचं कागद बघून ठरवू. स्पर्धकाकडे जायचं नाही ही अ‍ॅग्रीमेंटमधली अट मात्र विसरा, काँट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम २७ पुढे नोकरी सोडल्यावर ती सहसा टिकत नाही.

येताना ते लेटर आणि लॉगिनची फाईल आणा, तोंडी हकीकत नको.