आधी जर्नल मोजा, मग बेअरिंग मागवा

प्रश्न : चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आहे, पिकअप घेताना खालून टकटक यायची म्हणून उघडलं. तीन नंबरच्या रॉडचं (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग पार गेलंय, तांबं दिसतंय, आणि क्रँकच्या त्या जर्नलवर (रॉड ज्यावर बसतो त्या गुळगुळीत गोल भागावर) नखाला लागतात अशा रेघा आहेत. बाकीचे तीन बरे वाटतात. एक मित्र म्हणतो पॉलिश पेपर मार आणि सगळीकडे 0.25 अंडरसाइझ सेट टाक, टाइट बसेल, आवाज जाईल. दुसरा म्हणतो स्टँडर्डच टाक. कुणाचं ऐकू?

उत्तर : कुणाचंच नको, मायक्रोमीटरचं ऐका. 0.25 चा सेट हा क्रँक 0.25 मिमीने ग्राइंड केल्यावर टाकायचा असतो, त्यातला प्रत्येक शेल (बेअरिंगचा अर्धगोल तुकडा, दोन मिळून एक बेअरिंग) 0.125 ने जाड असतो, आणि जर्नल व बेअरिंगमध्ये तेलासाठी जागा असते जेमतेम 0.03 ते 0.05 मिमी, मग ग्राइंड न केलेल्या जर्नलवर हा जाड सेट बसणार कुठे? कॅप (रॉडचा खालचा सुटा अर्धा भाग) टाइट केली की क्रँक जाम. आणि नखाला लागणारी रेघ पॉलिश पेपरने जात नाही हो, उलट हाताने घासून जर्नल लंबगोल होतो, ते नुकसान डोळ्याला दिसतही नाही. तुमचा क्रँक ग्राइंडिंगला द्यावाच लागणार, आणि तिथे चारही रॉड जर्नल एकाच साइझला करून घ्या, एक वेगळा आणि तीन वेगळे ठेवलेत तर पुढे उघडणाऱ्याचे हाल होतात. आधी क्रँकला तडा नाही ना तेही तपासून घ्या.

सेट मात्र ग्राइंडिंगवाल्याने मोजून माप सांगितल्यावरच मागवा. पहिल्या ग्राइंडिंगला रेघ नाही गेली तर 0.50 वर जावं लागतं आणि आधी आणलेला सेट पडून राहतो.

आता मोजायचं कसं. शेल रॉडमध्ये बसवा, कॅप पूर्ण टॉर्कला टाइट करा, मायक्रोमीटर जर्नलवर सेट करून त्याच मापाने बोअर गेज (भोकाचं आतलं माप घ्यायचं साधन) शून्यावर आणा आणि मग रॉडच्या उभ्या रेषेत आतलं माप घ्या. आडवं घेतलंत तर फसाल कारण शेल मुद्दामच जोडाजवळ थोडा पातळ केलेला असतो, तिथे जागा जास्तच दिसते. समजा जर्नल 47.74 भरला आणि आतलं माप 47.78, तर क्लिअरन्स, म्हणजे तेलाची जागा, 0.04. ढोबळ हिशेब असा की जर्नलच्या व्यासाचा हजारावा भाग, म्हणजे 48 च्या जर्नलला 0.048 च्या आसपास, पण तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये जे असेल तेच शेवटचं. जास्त जागा ठेवणं सेफ असं समजू नका, तेल बाहेर पडण्याचं प्रमाण जागेच्या घनात वाढतं, जागा दुप्पट तर तेल आठपट निसटतं आणि प्रेशर उतरतं. बोअर गेज नसेल तर प्लास्टिगेज (मऊ प्लास्टिकची बारीक तार, दाबून किती रुंद झाली त्यावरून जागा कळते) वापरा, फक्त जर्नल कोरडा ठेवा आणि टाइट केल्यावर क्रँक अजिबात फिरवू नका.

आणि एक गोष्ट, बेअरिंग बदलण्याइतकीच महत्त्वाची. तीन नंबरचंच का गेलं ते शोधा. जुने शेल फेकू नका, नंबर टाकून ओळीने मांडा. लांब ओरखडे असतील तर तेलात कचरा होता, एका कडेलाच झिजला असेल तर रॉड वाकलाय का बघा. क्रँकमधली तेलाची भोकं ब्रशने आरपार साफ करा, ग्राइंडिंगची भुकटी तिथेच अडकते आणि नवीन बेअरिंग खाते. ऑइल पंप आणि जाळीही सोडू नका.

प्रश्न : शेल बसवल्यावर रॉडच्या जोडापेक्षा किंचित वर आलेले वाटतात, फाइल मारू का?

उत्तर : अजिबात नाही! ते वर असणंच बरोबर आहे. कॅप आवळली की तो जरासा भाग दाबला जातो आणि शेल रॉडला गच्च धरून राहतो, शेलच्या कडेची ती छोटी जीभ फक्त बसवताना जागा दाखवायला असते, तिच्या भरवशावर शेल थांबत नाही. फाइल मारलेला शेल चालत्या इंजिनात फिरतो आणि रॉडची वाट लावतो. शेलची मागची बाजू आणि रॉडचा बोअर एकदम कोरडा, स्वच्छ ठेवा, तेल किंवा असेंब्ली ल्यूब फक्त जर्नलच्या बाजूला. कॅप ज्या रॉडची त्याच रॉडला आणि त्याच दिशेने. बोल्ट मॅन्युअलमध्ये अँगलने (ठरावीक अंश फिरवून) आवळायचे असतील तर बहुधा एकदाच वापरायचे असतात, तिथे पैसे वाचवू नका. प्रत्येक रॉड टाइट केला की क्रँक हाताने फिरवून बघा, जड लागला तर नुकत्याच बसवलेल्या रॉडमध्येच गडबड आहे, तोच परत उघडा. पहिला स्टार्ट द्यायच्या आधी स्पार्क प्लग काढून, इंधन आणि इग्निशन बंद ठेवून ऑइल प्रेशर येईपर्यंत थोडं थोडं थांबत क्रँकिंग करा.