सकाळी रुसते, दुपारी आपोआप चालू होते

प्रश्न : नमस्कार दादा, माझी शंभर सीसीची कार्बोरेटरवाली गाडी आहे, अकरा वर्षं जुनी. आम्ही चिपळूणजवळ राहतो, गाडी पडवीला लागून पत्र्याखाली असते. पाऊस सुरू झाल्यापासून सकाळी चालूच होत नाही. सेल्फ मारला की इंजिन जोरात फिरतं पण पकडत नाही, किका मारून मारून पोटरी भरून येते. गॅरेजवाल्याने आधी प्लग बदलला, मग बॅटरी, आता म्हणतोय कार्बोरेटर खोलावा लागेल. गंमत म्हणजे दुपारी जरा ऊन पडलं की तीच गाडी एका किकमध्ये चालू! काय करू?

उत्तर : भाऊ, कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) खोलायला अजिबात देऊ नका, निदान आत्ता तरी. तुमच्या पत्रातच अर्धं उत्तर आहे. सेल्फवर इंजिन जोरात फिरतंय म्हणजे बॅटरीत दम होताच, ती उगाच बदलली. आणि दुपारी कुणी हात न लावता गाडी चालू होते, तर कार्बोरेटरमधला कचरा काय ऊन बघून बाजूला सरकतो का? ऊन पडल्यावर काय होतं, तर ओलं असलेलं सुकतं. तेव्हा ओल कुठे बसते ते शोधायचं.

उद्या सकाळी गाडी रुसली की आठ-दहा किका मारा आणि लगेच प्लग काढून बघा. प्लग कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल पोचत नाहीये, मग टाकीखालचा पेट्रोलचा कॉक रिझर्व्हला करून बघा, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलंय का बघा, आणि मग कार्बोरेटर. पण प्लग ओला असेल, पेट्रोलचा वास मारत असेल, तर पेट्रोल व्यवस्थित येतंय आणि करंटची बोंब आहे. माझी पैज, तुमचा ओलाच निघणार.

आता सगळे करतात तसं तुम्हीही प्लग कॅपमध्ये (करंटच्या वायरच्या टोकाला असते ती प्लगवर बसणारी टोपी) लावून इंजिनच्या धातूला टेकवून किक मारून ठिणगी बघाल. बघा, पण आधी प्लगच्या भोकावर फडकं दाबून ठेवा कारण तिथून पेट्रोलचा फवारा उडतो, आणि प्लगच्या धातूला बोट लावू नका, मला एकदा कोपरापर्यंत असा झटका बसलाय की हातातला पान्हा अंगणात जाऊन पडला. आणि बाहेर ठिणगी दिसली म्हणून खूशही होऊ नका! प्लगची फट मिलिमीटरपेक्षाही कमी असते पण आत सिलिंडरमध्ये हवा दाबलेली असते, त्या दाबात ती फट ओलांडायला बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. तेवढ्यात कॅपच्या चिरलेल्या रबरावर पाण्याची ओल असली की करंट म्हणतो कशाला त्रास, आणि सरळ ओलीवरून इंजिनच्या अंगावर उतरतो. प्लग नवाकोरा असून उपयोग शून्य.

खात्री करायची असेल तर रात्री दिवे घालवून गाडी चालू ठेवा (दुपारी चालू होतेच ना, मग संध्याकाळी कोरडी असतानाच करा) आणि सलूनमध्ये केसांवर मारतात त्या फवाऱ्याने कॅपवर आणि वायरवर हलकंसं पाणी मारा, हात लांब ठेवून. कॅपवर निळ्या बारीक रेघा सरपटताना दिसतील, टिकटिक आवाज येईल, इंजिन फडफडायला लागेल. सापडला चोर.

इलाज अगदी स्वस्तातला. चावी बंद करून कॅप उलटी फिरवली की वायरमधून सुटते, आत स्क्रूसारखं असतं. वायरचं टोक हिरवं पडलेलं असेल तर अर्धा सेंटीमीटर कापून टाका आणि नवी कॅप पिळून घट्ट बसवा. दोनशेच्या आत काम होतं. वायरच चिरली असेल तर मात्र तीही बदला, बऱ्याच गाड्यांत ती कॉइलसकटच (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) येते. आणि गाडी धुताना प्रेशरचा पाइप इंजिनवर रोखू नका हो, निम्म्या कॅपा त्यानेच जातात.

प्रश्न : माझी २०२१ ची गाडी पुण्यात पार्किंगमध्ये दोन महिने उभी होती. सेल्फ मारला की नुसतं टकटक. धक्का मारून दोघं जण दमलो, चोक तर कुठे सापडतच नाही.

उत्तर : चोक सापडणार नाही कारण तो नाहीच! १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे कडक नियम आल्यावर कार्बोरेटर जवळपास गेलेच, आणि त्याच्यासोबतचा चोकही; तुमच्याकडे पेट्रोल फवारणारं इंजेक्शन आहे. नुसतं टकटक म्हणजे बॅटरी उतरली. आणि बॅटरी अगदीच मेली असेल तर इंजेक्शनवाल्या गाडीला सोसायटीभर ढकललंत तरी फायदा नाही, कारण पेट्रोलचा पंपही बॅटरीवरच चालतो. चावी फिरवल्यावर टाकीखालून दोन-तीन सेकंद झिईई असा आवाज यायला हवा, तो येतोय का ऐका. बॅटरी काढून चार्ज करून आणा. तरीही आवाज नाही आला तर आधी हँडलवरचा इंजिन बंद करायचा किल स्विच बघा, मग फ्यूज बघा, आणि मगच गॅरेज. आणि गियर टाकल्यावर बंद पडत असेल तर साइड स्टँड खाली राहिलाय का तेवढं बघून घ्या, यावरून माझा स्वतःचा पोपट झालेला आहे.