वाचक विचारतात : हौशी वैमानिक आणि परवान्याची कागदपत्रे

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यात दंतवैद्यकीचा व्यवसाय करतो. खासगी वैमानिक परवान्यासाठी लागणारे उड्डाणाचे तास मी पूर्ण केले आहेत आणि लेखी परीक्षाही उत्तीर्ण झालो आहे. तरीही माझा अर्ज त्रुटी दाखवून परत येतो. कधी नावातील फरकावर बोट ठेवले जाते, तर कधी लॉगबुकातील, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीतील, वेळांवर. रविवारी एका इंजिनाचे छोटे विमान उडवू पाहणाऱ्या माणसाकडे इतक्या संशयाने का पाहिले जाते?

उत्तर : आपल्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न आहेत. अर्ज का अडतो, हा त्यातला व्यवहाराचा प्रश्न झाला. संशय का घेतला जातो, हा व्यवस्थेचा. दुसऱ्याचे उत्तर आधी देतो, कारण त्यातून पहिल्याचा उलगडा होतो.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या पहिल्या परिशिष्टात खासगी परवान्यासाठी किमान ४० तासांचे उड्डाण सांगितले आहे आणि आपल्याकडील विमान नियम, १९३७ यांच्या दुसऱ्या अनुसूचीतही तोच आकडा आहे. कागदोपत्री खासगी परवाना आणि व्यावसायिक परवाना या दोन स्वतंत्र वाटा आहेत. प्रत्यक्षात भारतात उड्डाण शिकणाऱ्यांपैकी बहुतेकांचे लक्ष विमान कंपनीतील नोकरीकडे असते. त्यातले अनेक जण तर खासगी परवाना न घेता विद्यार्थी परवान्यावरून थेट व्यावसायिक परवान्याकडे जातात. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास लागतात आणि आज आपण हौसेने नोंदवलेला प्रत्येक तास उद्या त्या २०० तासांत धरला जाऊ शकतो. त्यामुळे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयात, म्हणजे डीजीसीएत, आपले लॉगबुक तपासणाऱ्याच्या दृष्टीने आपण हौशी वैमानिक नसता. २०० तासांकडे निघालेला आणखी एक उमेदवार, एवढीच आपली ओळख असते.

या तपासणीतील कडवटपणाला एक तारीखही आहे. जानेवारी २०११ मध्ये एका प्रवासी विमानाचे पुढचे चाक गोव्याच्या धावपट्टीवर आधी टेकले. त्याच्या चौकशीत संबंधित वैमानिकाने वरच्या दर्जाचा परवाना बनावट गुणपत्रिकेवर मिळवल्याचे उघड झाले. मग हजारो परवान्यांची फेरतपासणी झाली, काही वैमानिक आणि दलाल पकडले गेले आणि न उडवलेले तास लॉगबुकात चढवण्याचा उद्योगही काही ठिकाणी चालत होता, हे समोर आले. तेव्हापासून वैयक्तिक लॉगबुक, विमानाचे लॉगबुक आणि प्रशिक्षण संस्थेची उड्डाण नोंदवही यांतील वेळा एकमेकींशी जुळतात की नाही, हे बारकाईने पाहिले जाते. ही काळजी अनाठायी होती, असे मी म्हणणार नाही. मात्र खोटे तास लिहिणारा बदमाश आणि भारतीय वेळ व जागतिक प्रमाणवेळ यांत साडेपाच तासांची गल्लत करणारा नवशिका या दोघांना सारख्याच कोरड्या शेऱ्याने अर्ज परत करणे, हे तपासनिसाच्या कष्टबचतीचे लक्षण आहे. त्याला दक्षता म्हणता येत नाही.

आता नावाविषयी. ही अडचण महाराष्ट्रातील अर्जदारांना विशेष भोगावी लागते. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि मग वडिलांचे नाव छापलेले असते. पारपत्रात आडनावाचा रकाना वेगळा असून वडिलांचे नाव कधी स्वतःच्या नावाला जोडलेले असते, तर कधी गाळलेले असते. आधारपत्रावर तिसराच क्रम सापडतो. ऑनलाइन प्रणालीला मात्र हे तीन वेगवेगळे इसम वाटतात. विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रियांना तर राजपत्रातील प्रसिद्धीचा उताराही जोडावा लागतो. यावर उपाय कंटाळवाणा असला तरी खात्रीचा आहे. परीक्षेसाठी डीजीसीएचा संगणक क्रमांक (उमेदवाराचा ओळख क्रमांक) घेण्यापूर्वी सर्व कागदपत्रांवर नाव एकाच क्रमाने आणि एकाच स्पेलिंगने करून घ्यावे. आपला क्रमांक आधीच निघाला असल्यामुळे, ‘या सर्व नावांची व्यक्ती मीच’ असे प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून ते प्रत्येक अर्जासोबत जोडावे.

लॉगबुकाबाबत आपल्या मुख्य उड्डाण प्रशिक्षकांसोबत एक दुपार बसावे. विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा वेळ, विमानाचा नोंदणी क्रमांक आणि एकट्याने केलेले उड्डाण की प्रशिक्षकासह केलेले, या तीन गोष्टी संस्थेच्या नोंदींशी ओळीओळीने ताडून घ्याव्यात. फरक निघाल्यास खाडाखोड न करता चुकीच्या नोंदीवर एकच रेघ मारावी आणि दुरुस्तीवर प्रशिक्षकांची तारखेसह सही घ्यावी. डीजीसीएच्या ई-जीसीए या ऑनलाइन प्रणालीवरील नोंदही त्याच वेळी सुधारावी, कारण वही दुरुस्त झाली आणि संगणकावरची नोंद जुनीच राहिली, तर अर्ज पुन्हा परत येईल.

जाता जाता एक गोष्ट. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना मिळालेला भारतातील पहिला परवाना एका एरो क्लबने दिलेला होता. तो काळ परत आणावा, असे कोणी म्हणत नाही. पण हौशी उड्डाणाची जबाबदारी क्लबांवर सोपवण्याची परंपरा आपल्या देशाला परकी नाही, एवढे ध्यानात असावे.

प्रश्न : रेडिओ संभाषणाची परीक्षा दूरसंचार खात्याकडे आणि उड्डाणाची डीजीसीएकडे, अशी विभागणी अजून आहे का? (नाशिक)

उत्तर : ती कायद्याने संपली आहे. १९३४ च्या विमान अधिनियमाच्या जागी आलेला भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला आणि रेडिओ टेलिफोनीच्या प्रमाणपत्राचा अधिकार त्यायोगे डीजीसीएकडे आला. दोन मंत्रालयांचे उंबरठे झिजवणे त्यामुळे टळले. जुन्या पुस्तकांत आणि शिकवणीवर्गांच्या टिपणांत अद्याप आधीचीच पद्धत दिलेली आढळते, तिच्यावर विसंबू नये.

प्रश्न : माझे वय ५२ आहे आणि रक्तदाबासाठी मी रोज एक गोळी घेतो. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये हौशी वैमानिकांना स्वतःच प्रकृतीचे घोषणापत्र देता येते, असे ऐकतो. भारतात तसे का नाही? मी आजार लपवावा, असा सल्लाही काही जण देतात. (पुणे)

उत्तर : शेवटच्या वाक्याचे उत्तर आधी देतो. लपवू नका. तपासणीच्या अर्जात औषधोपचारांची माहिती स्वतःच्या सहीने द्यावी लागते. उद्या काही अपघात झाला, तर विमा कंपनी आणि चौकशी अधिकारी या दोघांच्याही हाती सर्वप्रथम तोच कागद पडतो. शिवाय लपवण्याची गरजही बहुधा नसते. औषधाने आटोक्यात असलेला रक्तदाब म्हणजे आपोआप अपात्रता नव्हे. औषध कोणते आहे, ते किती दिवस चालू आहे, त्याचा दुष्परिणाम होतो का आणि हृदय, मूत्रपिंड व डोळे यांवर ताण आला आहे का, हे पाहिले जाते. म्हणून वर्ग २ च्या, म्हणजे खासगी परवान्यासाठी लागणाऱ्या वैद्यकीय तपासणीची वेळ घेण्याआधी डीजीसीएच्या यादीतील वैद्यकीय परीक्षकांना भेटून आपली गोळी चालेल का, हे विचारावे. चालणार नसेल तर आपल्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलून पर्यायी औषध सुरू करावे आणि शरीर त्याला सरावल्यावरच तपासणीस जावे. एकदा तात्पुरते अपात्र असा शेरा पडला, की तो पुसण्यास फार वेळ जातो.

परदेशांविषयी आपण ऐकलेले अर्धे खरे आहे. ब्रिटनमध्ये २०१६ पासून खासगी वैमानिकाला नियामकाकडे स्वतःचे वैद्यकीय घोषणापत्र नोंदवता येते. ऑस्ट्रेलियाने फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्ग ५ या नावाने स्वयंघोषणेची सोय केली. अमेरिकेतील ‘बेसिकमेड’ ही पद्धत १ मे २०१७ पासून चालू आहे, पण तिला निव्वळ स्वयंघोषणा म्हणता येणार नाही. तेथे दर ४ वर्षांनी कोणत्याही परवानाधारक डॉक्टरकडून ठरलेल्या नमुन्यात तपासणी करून घ्यावी लागते आणि दर २ वर्षांनी एक ऑनलाइन पाठ पूर्ण करावा लागतो. आणि १४ जुलै २००६ नंतर केव्हातरी नियामकाचे नेहमीचे वैद्यकीय प्रमाणपत्र मिळालेले असणे ही अटही आहे. विमानाचे वजन, प्रवासी, उंची आणि वेग यांवर मर्यादा असून उंचीची मर्यादा १८,००० फूट आहे. या सर्व सवलती आंतरराष्ट्रीय मानकापेक्षा सैल असल्यामुळे त्या सामान्यतः त्या त्या देशाच्या हद्दीपुरत्याच चालतात.

भारतात तसे का नाही, याचे मला दिसणारे कारण वैद्यकीय नाही. जेथे हौशी वैमानिक मोठ्या संख्येने आहेत, तेथे त्यांच्या संघटना कायदेमंडळावर दबाव आणतात. बेसिकमेडचा उगमही अमेरिकी काँग्रेसने २०१६ मध्ये केलेल्या कायद्यातच आहे. आपल्याकडे ही संख्या इतकी थोडी आहे, की त्यांच्यासाठी वेगळा नियम लिहिण्याची निकड कोणालाच वाटत नाही. दोन आसनी विमान, दिवसाचे दृश्य नियमांनुसार (बाहेर डोळ्यांनी पाहून केलेले) उड्डाण आणि भाड्याचे प्रवासी नाहीत, एवढ्या मर्यादित चौकटीत घोषणापत्राचा प्रयोग भारतात करून पाहण्यास हरकत नाही, असे माझे मत आहे. तोपर्यंत आपल्याला वर्ग २ ला पर्याय नाही.

प्रश्न : मी न्यू जर्सीत नोकरी करतो आणि माझ्याकडे अमेरिकेचा खासगी वैमानिक परवाना आहे. सुट्टीत घरी आल्यावर बारामतीहून एखादे विमान भाड्याने घेऊन आईवडिलांना वरून उजनीचे पाणी दाखवावे, अशी इच्छा आहे. नागरी विमान वाहतुकीच्या शिकागो करारानुसार सर्व देशांनी एकमेकांचे परवाने मान्य केले आहेत ना?

उत्तर : इच्छा चांगली आहे, पण करार आपण समजता तसा नाही. १९४४ च्या शिकागो कराराचे कलम ३३ सांगते, की विमान ज्या देशात नोंदलेले आहे त्या देशाने दिलेला परवाना इतर देशांनी मान्य करावा. आपला परवाना अमेरिकेचा, म्हणजे ‘एन’ अक्षराने नोंदणी सुरू होणाऱ्या विमानांचा. बारामतीतील विमान ‘व्हीटी’चे, म्हणजे भारतात नोंदलेले असणार, आणि त्यासाठी भारताचा परवाना किंवा भारताने दिलेली मान्यता लागते. शिवाय त्याच कराराच्या कलम ३२ च्या दुसऱ्या भागानुसार, आपल्याच नागरिकाला दुसऱ्या देशाने दिलेला परवाना स्वतःच्या हद्दीतील उड्डाणासाठी नाकारण्याचा हक्क प्रत्येक देशाने राखून ठेवला आहे. आपण अजून भारतीय नागरिक असाल, तर हे कलम थेट आपल्याला लागू होते.

परवाना भारतीय करून घेण्यासाठी लेखी परीक्षा, कौशल्य चाचणी, भारतीय वैद्यकीय तपासणी आणि अमेरिकेच्या नियामकाकडून आपल्या परवान्याची पडताळणी, एवढे टप्पे आहेत. हे सर्व तीन आठवड्यांच्या सुट्टीत बसवण्याचा प्रयत्न करू नये. निव्वळ स्वतः उडण्याची हौस असेल, तर एखाद्या प्रशिक्षण संस्थेशी आधी पत्रव्यवहार करून प्रशिक्षकासोबत उड्डाण करता येईल का, हे विचारावे. आईवडिलांना मात्र त्यात बसवता येईल, अशी आशा धरू नये.

अमेरिकेत सर्व सुटसुटीत असते आणि अडवणूक आपल्याकडेच होते, असा सूर आपल्या पत्रात जाणवतो. भारतीय परवान्यावर अमेरिकेत उडू पाहणाऱ्यालाही भारताकडून पडताळणीचे पत्र मागवावे लागते आणि ते ६ महिन्यांतच वापरावे लागते. अमेरिकेचा खरा मोठेपणा वेगळ्या गोष्टीत आहे : तेथील परवान्याला मुदत नसते. दर २४ महिन्यांनी प्रशिक्षकासोबत उजळणीचे उड्डाण केले, की झाले. त्यासाठी कोणत्याही सरकारी कार्यालयाकडे अर्ज करावा लागत नाही. आपण अनुकरण करायचे तर याचे करावे.

प्रश्न : तक्रार करून काही होते का, की तक्रारदारावरच राग निघतो? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : सूडबुद्धीची भीती बहुतेक वैमानिकांच्या बोलण्यात येते, तिचा पुरावा क्वचितच कोणी दाखवतो. माझ्या पाहण्यात तरी विलंबाचे मूळ मनुष्यबळाच्या तुटवड्यात अधिक आहे. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेने भारताच्या विमान सुरक्षा व्यवस्थेचा दर्जा खाली आणला, तेव्हा पुरेसे तांत्रिक अधिकारी नसणे हा त्यातला ठळक मुद्दा होता. दर्जा परत मिळायला एप्रिल २०१५ उजाडले. विमान अधिनियमातील २०२० च्या दुरुस्तीने डीजीसीएला वैधानिक दर्जा मिळाला, पण खुर्च्या भरल्या नाहीत. २०२५ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने दाखवून दिले, की मंजूर पदांपैकी जवळजवळ निम्मी रिकामी आहेत. आपला अर्ज पडून असेल, तर तो वाचायला माणूस नाही, ही शक्यता आधी विचारात घ्यावी.

यावर संघटित तक्रारीचा उपयोग होतो, याचे उदाहरण ऑस्ट्रेलियाचे आहे. तेथील वैमानिकांच्या आणि उद्योगाच्या असंतोषामुळे सरकारने नेमलेल्या स्वतंत्र समितीने २०१४ च्या अहवालात नियामकाच्या कठोर, अविश्वासाच्या वागण्यावरच बोट ठेवले आणि कामाची पद्धत बदलण्यास सांगितले.

व्यक्तिशः आपल्यासाठी दोन मार्ग आहेत. केंद्र सरकारच्या तक्रार निवारण संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी आणि तिचे उत्तर मोघम आले, तर माहितीच्या अधिकाराखाली १० रुपये शुल्क भरून अर्ज करावा. त्यावर ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. मात्र ‘माझा परवाना का दिला नाही?’ असा प्रश्न विचारू नये, कारण कारणे विचारणाऱ्या प्रश्नाला बगल देता येते. त्याऐवजी आपल्या अर्जाच्या धारिकेवरील सर्व शेऱ्यांच्या प्रती मागाव्यात आणि धारिका कोणत्या अधिकाऱ्याकडे कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होती, याची नोंद मागावी.