एआय एजंटसाठी रिपग्रेपचं वर्णन कसं लिहावं?

तुम्ही विचारलंय, एजंटला कोडमध्ये कीवर्ड शोधायला रिपग्रेप (फाइल्समधला मजकूर शोधणारं कमांड-लाइन टूल) दिलं तर सूचनांमध्ये नेमकं काय लिहायचं. माझ्या मते सर्वांत आधी हे लिहा की टूल काय शोधत नाही. रिपग्रेप गिटइग्नोरमधल्या (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइल्सच्या यादीतल्या), लपवलेल्या आणि बायनरी फाइल्स मुकाट्याने वगळतं. आमच्याकडे एजंटने ‘हे फंक्शन प्रोजेक्टमध्ये कुठेच नाही’ असं ठामपणे सांगितलं आणि नवीन लिहून टाकलं. मूळ फंक्शन आपोआप तयार होणाऱ्या फोल्डरमध्ये होतं, आणि ते फोल्डर गिटइग्नोरमध्ये. त्यानंतर मी सूचनांमध्ये एकच ओळ घातली (नो-इग्नोर हा ती यादी न पाळता शोधायला लावणारा पर्याय): ‘काही सापडलं नाही, तर नाही म्हणण्याआधी नो-इग्नोर लावून पुन्हा शोध.’

एक्झिट कोडही (कमांड संपताना मिळणारा आकडा) स्पष्ट लिहा: 0 म्हणजे सापडलं, 1 म्हणजे सापडलं नाही, 2 म्हणजे चूक झाली. हा 1 आणि 2 मधला फरक फार मोलाचा आहे. उघडा कंस असलेला मजकूर जसाच्या तसा दिला तर तो रेगेक्स (शोधाचा नमुना, ज्यात कंसाला खास अर्थ असतो) समजला जातो आणि 2 येतो. अशा वेळी मजकूर अक्षरशः शोधणारा फिक्स्ड-स्ट्रिंग्ज हा पर्याय वापरायला सांगा, उदाहरणासकट.

मराठी मजकूर शोधणार असाल तर आणखी एक. ‘शेतकऱ्यांना’मधला ऱ एका कोडपॉइंटने (युनिकोडमधला अक्षराचा क्रमांक) लिहिता येतो, किंवा र आणि नुक्ता जोडूनही. दिसायला दोन्ही सारखे, पण रिपग्रेप त्यांना वेगळे धरतं. दोन्ही रूपं शोधायला सांगा.

बाकी फ्लॅग (कमांडला जोडायचे पर्याय) एजंटमागच्या मॉडेलला बहुतेक ठाऊक असतात.