सही कोणाची होती?

प्रश्न : मी निफाड तालुक्यातील, वय ३७. सातपूरच्या एका कारखान्यातील पक्की नोकरी सोडून चार वर्षांपूर्वी वडिलोपार्जित द्राक्षबाग करायला गावी आलो. २६ नोव्हेंबर २०२३ च्या गारपिटीत बाग झोडपली गेली. बँकेने विमा उतरवला नव्हता. कर्जाच्या वेळी पुढे केलेल्या कागदांवर मी सह्या केल्या, पण ते वाचले नाहीत. त्यानंतरच्या हंगामात माल चांगला आला, तर ओळखीचा व्यापारी निम्मी रक्कम देऊन पसार झाला. सौदा तोंडी होता. खतांच्या उधारीसाठी मी पत्नीचे सोने तारण ठेवले आहे, मात्र ते लॉकरमध्येच आहे असे तिला वाटते. पत्नी आणि मुलगी शाळेमुळे नाशिकला राहतात. भाऊ म्हणतो, सगळे तुझ्यामुळे झाले. मला रात्र रात्र वाटते की, छाटणी आठ दिवस पुढे ढकलली असती तर बाग वाचली असती. खरेच चूक माझी आहे का?

उत्तर : आपण स्वतःला ज्या गोष्टीसाठी रात्रभर बोल लावता, ती गोष्ट आपल्या हातची नव्हती, आणि ज्या गोष्टी आपल्या हातच्या होत्या, त्या पत्रात एकेका वाक्यात उरकल्या आहेत. त्या दिवशीच्या गारांनी लवकर छाटलेली आणि उशिरा छाटलेली अशी निवड केली नाही. छाटणीची तारीख ही अनुभवी बागायतदारालाही पाऊसपाण्याचा अंदाज घेऊनच ठरवावी लागते. तो भार मनावरून उतरवा. (भावाचे म्हणणेही तितकेच ढोबळ आहे, ‘सगळे’ कोणा एकामुळे होत नाही.)

विम्याची गोष्ट वेगळी आहे. २०२० च्या खरिपापासून पीकविमा कर्जदार शेतकऱ्यालाही ऐच्छिक झाला, परंतु विमा नको असेल तर तसे मुदतीच्या सात दिवस आधी बँकेला लेखी द्यावे लागते. तेव्हा न वाचता सही केलेल्या कागदांत हे पत्र होते का, हे बँकेत जाऊन पाहा. ते निघाले, तर ‘बँकेने विमा उतरवला नाही’ हे वाक्य आपण यापुढे उच्चारू नये. न निघाल्यास मात्र हप्ता का कापला नाही, याचा जाब लेखी मागा. दोन्ही शक्यतांत आपण नेमके काय केले ते आपल्याला कळेल, आणि आज ते आपल्याला ठाऊक नाही.

व्यापाऱ्याने फसवले हा त्याचा गुन्हा आहे. तक्रार अवश्य करा. परंतु फळे आणि भाजीपाला २०१६ पासून बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त आहेत, म्हणजे तिथल्या सौद्यांवर समितीचे नियंत्रण नसते, त्यामुळे शिवारात ठरलेल्या सौद्याचा कागद जपण्याचे काम शेतकऱ्यावरच येऊन पडते. त्याची लबाडी आणि आपला गाफीलपणा या दोन स्वतंत्र नोंदी आहेत, एक लिहिली म्हणून दुसरी खोडली जात नाही. यंदाच्या मालाची पहिली पेटी भरण्याआधी दर, वजन आणि पैसे देण्याची तारीख असलेली सौदापावती करा, व्यापारी कितीही जवळचा असला तरी.

आता सोन्याविषयी, कारण मला आपल्या पत्रातील सर्वांत गंभीर गोष्ट तीच वाटते. गारपीट, विमा, व्यापारी यांपैकी कशानेही आपल्याला पत्नीशी खोटे बोलायला लावले नव्हते. परतफेड थकली तर सोन्यावर कर्ज देणारी संस्था लिलावापूर्वी नोटीस पाठवते, आणि आपला पत्ता नाशिकचा असेल तर ती नोटीस पत्नीच्याच हातात पडू शकते. त्याआधी आपण स्वतः नाशिकला जाऊन, मुलगी शाळेत असताना, तिला सांगा : सोने कधी ठेवले, किती रकमेला, व्याज किती झाले, मुदत कधी संपते. तारणाची पावती समोर ठेवा. हे सांगताना गारपिटीपासून सुरुवात करू नका; ती गोष्ट तिला माहीत आहे आणि तिच्या आडून आलेला कबुलीजबाब तिला लगेच ओळखू येईल. ती रागावली, काही दिवस बोलली नाही, तर तो तिचा हक्क आहे. ‘मी हे घरासाठीच केले’ हे वाक्य त्या दिवशी तरी टाळावे.

बाग ठेवायची की पुन्हा नोकरी शोधायची, हे आपण विचारलेले नाही, पण ओळींच्या मधून तोच प्रश्न डोकावतो. त्याचे उत्तर मी देणार नाही, कारण मागच्या वेळी नोकरी सोडताना पत्नीचे मत घेतले होते की नाही, याबद्दल पत्रात अवाक्षर नाही. ऑक्टोबर छाटणीच्या मजुरीचा आणि औषधांचा खर्च सुरू होण्याआधी बँकेचे कर्ज, सोन्यावरचे कर्ज, दुकानदाराची उधारी आणि व्यापाऱ्याकडची येणी एकाच कागदावर मांडा आणि तो कागद घेऊन तिच्यासोबत बसा. या वेळचा निर्णय दोघांचा असू द्या, आणि बँकेत हप्त्यांची मुदत वाढवून मागायला जाल तेव्हा तोच कागद घेऊन जा. थकबाकीची नोटीस आल्यानंतर जाण्यापेक्षा ते केव्हाही बरे.